ऱ्होनचा चिखल जातो कुठे? नदी तलावात शिरल्यावर नक्की काय होतं त्याची गोष्ट

जिनिव्हा शहरात एक जागा आहे, नाव ला जाँक्सियाँ, म्हणजे सरळसरळ संगमच. रेल्वेच्या उंच पुलावरून खाली बघितलं की एका अंगाने निळीहिरवी, तळ दिसेल अशी स्वच्छ ऱ्होन नदी येते आणि दुसऱ्या अंगाने आर्व नावाची नदी, ती उन्हाळ्यात पार सिमेंट कालवल्यासारखी राखाडी. दोघी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, मधे रेघ मारल्यासारखी हद्द. ऑफिसच्या कामाने गेलो होतो तेव्हा मी तिथे अर्धा तास उभा होतो. तसं प्रयागला गंगा-यमुनेची रेघ बघितलेल्या माणसाला याचं फार अप्रूप वाटायला नको, पण माझं डोकं फिरलं ते नंतर कळलेल्या एका गोष्टीने. ही स्वच्छ ऱ्होन तिथून सत्तरेक किलोमीटर मागे, जिनिव्हा सरोवर नावाच्या तलावाच्या दुसऱ्या टोकाला, जेव्हा तलावात शिरते ना, तेव्हा उन्हाळ्यात ती पण आर्वसारखीच राखाडी असते. दोघी आल्प्सच्या, दोघींच्या पोटात हिमनद्यांनी दळलेलं दगडाचं पीठ. मग एकीचं पीठ मधल्या तलावात गेलं कुठे?

"गाळ खाली बसला, अजून काय" हे उत्तर चूक नाही पण अर्धंच आहे, कारण गाळ बसण्याआधी ते पाणी तलावात कुठल्या रस्त्याने गेलं, तळातून गेलं का मधल्या मजल्यावरून गेलं, वाटेत कुणाला सोबत घेतलं, हीच खरी मजा आहे.

आपल्या डोक्यात चित्र असं असतं की नदी म्हणजे नळ आणि तलाव म्हणजे टाकी, नळातून पाणी पडलं की टाकीत मिसळलं, विषय संपला. पण पाण्यात पाणी असं आपोआप मिसळत नाही. आमच्याकडे अजून विसण हा शब्द वापरतात, बादलीतल्या कढत पाण्यात गार पाणी घालतो ते विसण. गार नळ बारीक सोडून बादली भरा आणि हात न फिरवता पहिला तांब्या अंगावर घ्या, चटका बसतो, आणि बादली अर्धी संपली की खालचं पाणी गारढोण. आजी बाहेरून ओरडायची, "अरे हात फिरव आधी!" तर तलावात कोण हात फिरवतं, आणि कुणी फिरवलाच नाही तर काय होतं, एवढाच या सगळ्याचा प्रश्न.

सगळा खेळ वजनाचा. २० डिग्रीचं एक लिटर पाणी भरतं साधारण ९९८.२ ग्रॅम, १० डिग्रीचं ९९९.७ ग्रॅम. फरक दीड ग्रॅमचा, म्हणजे लिटरभर पाण्यामागे चिमूटभर मिठाएवढा, हातात धरून कळणारही नाही. पण तलावात हा दीड ग्रॅम राज्य करतो, हलकं वर जड खाली, आणि दोघांच्या मधे जणू अदृश्य स्लॅब टाकलेला. त्यात गाळाची भर पडते. लिटरमागे एक ग्रॅम गाळ असला तर पाणी साधारण ०.६ ग्रॅमने जड होतं (पूर्ण एक ग्रॅमने नाही, कारण गाळाचे कण तेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सारतात). म्हणजे नदी गढूळ असेल तर तिचं पाणी थंड असल्यासारखं वागतं, गार आणि गढूळ दोन्ही असेल तर मग बघायलाच नको.

आता हा तलाव केवढा ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. आपण जिनिव्हा सरोवर म्हणतो, तिथले लोक लेमान म्हणतात. लांबी ७३ किलोमीटर, क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास मुंबई शहर आणि उपनगर मिळून होईल तेवढं, आणि सगळ्यात खोल जागी ३१० मीटर. पाणी ८९ घन किलोमीटर. आपल्या भाषेत बोलायचं तर ३,१०० टीएमसीच्या वर, सुमारे तीस कोयना धरणं. यात ऱ्होन सरासरी सेकंदाला १८० घनमीटर पाणी आणते, बातम्यांत आपण विसर्ग ऐकतो त्या हिशेबाने ६,३०० क्युसेकच्या आसपास. तलावात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण सत्तर टक्के हिचंच, बाकी छोट्यामोठ्या नद्या. या सगळ्याचा भागाकार केला की पाण्याचा एक थेंब तलावात सरासरी अकरा वर्षं मुक्काम करतो असं येतं. पण ही सरासरी फसवी आहे बरं का, लायनीत उभं राहून पहिला आला तो पहिला गेला असं इथे नसतं. वरच्या थरात शिरलेलं पाणी त्यामानाने लवकर सटकतं आणि तळाला गेलेलं कितीतरी जास्त काळ अडकून पडतं. म्हणूनच नदीचं पाणी कुठल्या मजल्यावर उतरलं याला एवढं महत्त्व.

जुलै महिना धरा. तलावाचं वरचं पाणी वीस-बावीस डिग्री, लोक मजेत पोहतायत. पूर्वेच्या टोकाला व्हाले खोऱ्यातून ऱ्होन येते, बर्फ वितळून आलेली, मुखापाशी दहा डिग्रीच्या आसपास आणि राखाडी. सुरुवातीला ती नुसत्या वेगाच्या जोरावर तलावाचं पाणी ढकलत पुढे घुसते. पण तलावात पात्र रुंद होतं, उतार संपतो, वेग मरतो, आणि एका ठिकाणी वेगापेक्षा वजन भारी पडतं, तिथे नदी डुबकी मारते. अक्षरशः डुबकी. वरून बघितलं तर राखाडी पाणी एका रेषेवर गायब, पलीकडे निळं. त्या रेषेवर फांद्या, ओंडके, फेस, प्लास्टिक सगळं गोळा झालेलं असतं, कारण अलीकडून नदी येऊन खाली चाललेली, ती जाताना पलीकडचं तलावाचं पाणीही स्वतःकडे ओढून खाली नेते, आणि तरंगणारा कचरा बिचारा दोन्हीकडून ढकलला जाऊन मधेच अडकतो. तिथले लोक या जागेला 'बातायेर' म्हणतात, फ्रेंचमधल्या लढाईच्या शब्दावरून. नदी आणि तलावाची मारामारी. नाव भारी आहे, पण खरं सांगायचं तर मारामारी फार वेळ चालत नाही, नदी हरल्यासारखी दाखवून खालून घुसते.

खाली गेल्यावर काय? इथे बऱ्याच जणांना वाटतं की जड पाणी म्हणजे थेट तळ गाठणार. नाही गाठत, निदान रोज तरी नाही. तलावाचं पाणी खाली खाली जाताना थंड होत जातं, पन्नास मीटरच्या खाली पाच-सहा डिग्री, म्हणजे दहा डिग्रीच्या नदीपेक्षा तेच जड. त्यामुळे नदी उतारावरून घसरत घसरत तिच्या वजनाचं पाणी जिथे भेटेल तिथवर जाते आणि मग तळ सोडून आडवी पसरायला लागते, दोन चादरींच्या मधे तिसरी चादर सारावी तशी. ऱ्होनच्या बाबतीत उन्हाळ्यात हे बहुतेक वेळा दहा ते तीस मीटर खोलीवर होतं. वर पोहणाऱ्यांना पत्ता नाही, खाली माशांना पत्ता नाही, मधून नदी चाललीय.

आणि जाताना ती एकटी जात नाही. घसरताना तिच्या वरच्या अंगाला तलावाचं पाणी घासतं, छोटे छोटे भोवरे उठतात, आजूबाजूचं कोमट पाणी आत ओढलं जातं. नदीचा पट्टा पुढे जाईल तसा जाड होतो पण पातळही होतो, पातळ म्हणजे ताकात पाणी घातल्यासारखा, गाळ तेवढाच पण पाणी जास्त. नदी मिसळते ती मुख्यतः इथे, या उतरणीवर, मधल्या मजल्यावर पोचून पसरली की मग फार हळू. यावरून एक गंमतशीर हिशेब निघतो. दहा डिग्रीच्या नदीला तळापर्यंत जायचं असेल तर कागदावर लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम गाळ पुरेसा आहे, तेवढ्याने ती तळाच्या थंड पाण्यापेक्षा जड होते. पण वाटेत वरचं हलकं पाणी मिसळत गेल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त गाळ लागतो. म्हणजे मोठा पाऊस पडून डोंगर धुपले, नदी कॉफीच्या रंगाची झाली, तरच ती खऱ्या अर्थाने तळाला भिडते.

हिवाळ्यात चित्र वेगळं. तलावही गार, नदीही गार, आणि चार डिग्रीच्या आसपास पाण्याचं वजन तापमानाने फारसं बदलतच नाही, मग थोडासा गाळ किंवा पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असले एवढ्यावरून सुद्धा नदी वर जायची का खाली ते ठरतं. आणि नदी तलावापेक्षा हलकी असली तर ती वरूनच पसरते, जशी ती समुद्रात पसरते. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाबाहेर तांबडं पाणी समुद्रावर लांबपर्यंत पसरलेलं दिसतं. तिथे नदी कितीही गढूळ असो, समुद्राचं पाणी मिठामुळे लिटरमागे पंचवीसेक ग्रॅमने जड, त्याच्याखाली जायला लिटरमागे चाळीस ग्रॅम चिखल लागेल. तेवढा आणणार कोण! म्हणून समुद्रात नदी सहसा वर आणि गोड्या तलावात बहुतेकदा खाली.

याचा छडा लावणारा माणूस त्याच तलावाकाठचा, फ्रान्स्वा-अल्फोंस फोरेल, १८४१ मध्ये मॉर्ज गावी जन्मला, आयुष्य याच एका तलावामागे घालवलं, सरोवरशास्त्र या विषयाचा बाप म्हणतात त्याला. त्याच्या आधी रोमन काळापासून समजूत अशी की ऱ्होन तलावातून जाते पण त्याच्यात मिसळत नाही, आली तशी निघून जाते, प्लिनी या रोमन लेखकाने पण तसं नोंदवून ठेवलंय की ती तलावाच्या पाण्यावरून वाहत जाते. कवीकल्पना म्हणून छान आहे, नदीचा सोवळेपणा म्हणा हवं तर. पण १८८० च्या दशकात तलावाच्या तळाची नीट मोजणी झाली आणि भलतंच सापडलं, ऱ्होनच्या मुखापासून तळावर चक्क एक दरी निघालेली, पाण्याखाली सुमारे दहा किलोमीटर वळणं घेत गेलेली, दोन्ही काठांना गाळाचे बांध. आता तलावाच्या तळाला दरी कोण खोदणार? फोरेलने १८८५ मध्ये मांडलं की नदीच खोदते. जड पाणी तळावरून वाहतं, मधे खरवडतं, बाजूला गाळ टाकतं, जमिनीवर नदी करते तेच पाण्याखाली. म्हणजे रोमन लोक निम्मे बरोबर होते, नदी आत गेल्यावरही काही काळ नदीच राहते, फक्त पाण्यावरून नाही तर बहुतेक वेळा पाण्याखालून, आणि न मिसळता अजिबात नाही. २०११ मध्ये रशियाच्या मीर नावाच्या दोन पाणबुड्या या तलावात उतरवल्या होत्या, शास्त्रज्ञ आत बसून, त्यांनी या दरीतही चक्कर मारली. बोट चालवणाऱ्याला वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

असंच एक प्रकरण अमेरिकेत झालं. कोलोराडो नदीवर हूवर धरण बांधलं, १९३५ मध्ये पाणी साठायला लागलं, वर मैलोनमैल निळाशार जलाशय, आणि एके दिवशी धरणाच्या दाराशी गढूळ पाणी बाहेर यायला लागलं. नदीचा पूर शंभरावर किलोमीटर तळातून सरपटत थेट भिंतीपर्यंत पोचला होता, वर स्वच्छ पाण्याला धक्का न लावता.

बरं, नदी मधल्या मजल्यावर पसरली, पुढे तिला हलवतं कोण? एक तर पृथ्वी. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे कलतं, त्यामुळे ऱ्होनचा पट्टा नाकासमोर न जाता उजवीकडे, माँत्रो-व्हेवेच्या किनाऱ्याकडे झुकायला बघतो, अर्थात वारा आणि तलावातले मोठे भोवरे मधे आले तर भलतीकडेही जातो. दुसरा, आणि जास्त दमदार, वारा. तिथे ईशान्येकडून बीझ नावाचा बोचरा वारा सुटतो आणि उलट बाजूने नैऋत्येचा. नैऋत्येचा जोरात दोन दिवस वाहिला की वरचं कोमट पाणी पूर्वेच्या टोकाला लोटलं जातं आणि जिनिव्हाच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं, ऐन उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची एकदम पाचावर धारण. मग वारा थांबतो आणि तिरपा झालेला तो अदृश्य स्लॅब परत सरळ व्हायला जातो, पण जोरात जातो, पलीकडे तिरपा होतो, परत येतो, परातीतलं पाणी हेलकावे खातं तसं. फक्त हे हेलकावे आतले, वरून पृष्ठभाग सपाट, आणि एक हेलकावा पूर्ण व्हायला दिवस लागतात. (पृष्ठभागाचा हेलकावाही असतो, तो तासाभरापेक्षा थोडा जास्त घेतो, ७३-७४ मिनिटं, फोरेलने त्याचीही मोजमापं करून ठेवलीत, माणूस चिकाटीचा.) या हेलकाव्यांनी थरांच्या कडा घासतात, काठावर आपटतात, आणि नदीची ती चादर हळूहळू फाटते, विरते. हात फिरवणारा तो हाच, वारा.

पण वाऱ्याचा हात फार खोल पोचत नाही. तीनशे मीटर खालचं पाणी हलवायचं तर कडाक्याचा हिवाळा लागतो. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं, त्याच्या जागी दुसरं वर येतं, असं होत होत सगळा तलाव एका तापमानाला आला की मग वारा वरपासून तळापर्यंत घुसळू शकतो. तळाला ऑक्सिजन मिळायचा मुख्य मार्ग हाच. लेमानमध्ये हे दर वर्षी होतच नाही, शेवटचं पूर्ण घुसळण झालं २०१२ च्या हिवाळ्यात आणि त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ एकही हिवाळा तेवढा पुरला नाही. तलाव गरम होतोय, वरचं पाणी हलकंच राहतं. अशा वेळी तळाला ताजी हवा नेणारा दुसरा कोण, तर तोच गढूळ पूर, थंड, ऑक्सिजनने भरलेला.

आणि तिथेही माणसाने हात घातलाय. ऱ्होनच्या खोऱ्यात वर विसाव्या शतकात धरणं झाली, त्यातलं ग्रांद दिक्सांस १९६१ मध्ये पूर्ण झालं, २८५ मीटर उंच, साठा चौदा टीएमसी. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी अडवायचं आणि हिवाळ्यात वीज लागते तेव्हा सोडायचं. परिणाम असा की उन्हाळ्यातला ऱ्होनचा जोर उतरला, हिवाळ्यातला वाढला, आणि गाळ बराचसा वरच अडकल्यामुळे तलावात येणारा गाळ निदान निम्म्यावर आला. गाळ कमी म्हणजे नदी हलकी, नदी हलकी म्हणजे तळापर्यंतच्या डुबक्या कमी. स्वच्छ नदी तलावाला चांगलीच असणार असं आपण धरून चालतो, इथे ते जरा अंगाशी येतं. या तलावाचं पाणी नऊ लाखांच्या आसपास लोक पितात, त्यामुळे ही नुसती शास्त्रज्ञांची करमणूक नाही, पाणी उचलायचा पाइप किती खोल टाकायचा आणि पुराचं पाणी त्या खोलीवर येणार का, हे बघावं लागतं.

आपल्याकडे हे कितपत लागू पडतं असं कुणी विचारेल, तर एक गोष्ट उलट जास्त लागू पडते. ४ आणि ८ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे वजनाचा फरक जेमतेम ०.१२ ग्रॅम, पण २४ आणि २८ डिग्रीच्या पाण्यात तो एक ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे तेवढ्याच चार डिग्रीला जवळपास नऊ पट. गरम देशातल्या खोल जलाशयात थोड्याशा फरकाने सुद्धा घट्ट थर बनू शकतात. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे, खोली भरपूर, तिथे वैशाखात वरचं तापलेलं पाणी आणि तळाचं पाणी ही दोन वेगळी बिऱ्हाडं असणार. उलट उजनीचं भिगवणकडचं बॅकवॉटर, जिथे फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, ते इतकं उथळ की एक जोराचा वारा सगळं ढवळून टाकेल. आणि आपली पावसाळ्यातली नदी गढूळ असली तरी ऱ्होनसारखी गार नसते, म्हणून तिचं वागणं थोडं फसवं, गाळाच्या वजनाने खाली जाते, पुढे गाळ बसला की उरलेलं कोमट पाणी हलकं होऊन परत वर यायला बघतं.

परत पहिल्या प्रश्नाकडे. ऱ्होनचं पीठ तलावातच राहतं, जाड कण मुखाशी, मधले त्या पाण्याखालच्या दरीत आणि तिच्या बांधांवर, अगदी बारीक ते मधल्या मजल्यावरून दूरवर तरंगत जाऊन सावकाश बसतात. तळाला असा हजारो वर्षांचा थर साठलाय. आर्वला मात्र तलावच भेटला नाही, ती जिनिव्हाच्या खाली येऊन मिळते, त्यामुळे तिचं सगळं पीठ तसंच पुढे जातं आणि त्यातलं बरंचसं थोड्याच अंतरावर व्हेर्ब्वा नावाचं धरण आहे त्याच्या पोटात साठतं. तिथे मग दर काही वर्षांनी दरवाजे उघडून, पाण्याची पातळी खाली आणून, तो गाळ धुवून काढावा लागतो, आणि खालच्या फ्रान्सवाल्यांना आधी कळवावं लागतं की चिखल सोडतोय, सांभाळा.